उष्माघात प्रथिने आणि आनुवंशिक चेताविकार

हा लेख पेशींतील प्रथिनांविषयी आहे. कडक उन्हामुळे होणाऱ्या विकारासाठी उष्माघात हा लेख पाहावा.

उष्माघात प्रथिने ही सजीवांच्या पेशींत आढळणारी प्रथिनांची काही कुळे आहेत. इतर प्रथिनांना योग्य आकार धारण करण्यास मदत करणे, ताणामुळे बिघडलेल्या प्रथिनांना सावरणे आणि जी सुधारण्यापलीकडे गेली आहेत त्यांची विल्हेवाट लावण्यास हातभार लावणे, ही त्यांची मुख्य कार्ये होत. जिवाणू, वनस्पती, कीटक आणि मानव या सर्वांत ती आढळतात. त्यांची रचना उत्क्रांतीच्या दीर्घ काळात फारशी बदललेली नाही.

आनुवंशिक चेताविकारांशी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत येणाऱ्या मज्जातंतूंच्या विकारांशी, या प्रथिनांचा संबंध दुहेरी आहे. काही विकारांत दुसऱ्याच एखाद्या प्रथिनात दोष असतो आणि उष्माघात प्रथिने चेतापेशीचे रक्षण करू पाहतात. काही विकारांत मात्र उष्माघात प्रथिनाच्या स्वतःच्या जनुकातच उत्परिवर्तन झालेले असते आणि रक्षकच इजेचे कारण ठरतो. शार्को-मारी-टूथ विकाराचे काही प्रकार आणि दूरस्थ आनुवंशिक कारक चेताविकृती ही या दुसऱ्या गटातील प्रमुख उदाहरणे आहेत.

संज्ञा

इंग्रजीत या प्रथिनांना हीट शॉक प्रोटीन्स आणि संक्षेपाने एचएसपी म्हणतात. उष्माघात प्रथिने हा त्याचा मराठी पर्याय. हे नाव काहीसे फसवे आहे. तापमान वाढल्यावर ती प्रथम लक्षात आली म्हणून हे नाव पडले. परंतु प्राणवायूची कमतरता, जड धातू, विषारी द्रव्ये, जंतुसंसर्ग अशा अनेक ताणांमुळे त्यांचे प्रमाण वाढते. शिवाय त्यांपैकी बरीचशी प्रथिने कोणताही ताण नसताना पेशीत नित्याचे काम करीत असतात.

नावापुढील आकडा मूळचा रेणुभाराचा आहे. एचएसपी७० या प्रथिनाचा रेणुभार सुमारे ७० किलोडाल्टन, तर एचएसपी२७ चा सुमारे २७ किलोडाल्टन भरतो. एकाच प्रथिनाला अनेक नावे पडू लागल्याने २००९ मध्ये मानवी प्रथिनांसाठी नवी नामपद्धती सुचविण्यात आली. त्यानुसार एचएसपी२७ ला एचएसपीबी१ आणि एचएसपी२२ ला एचएसपीबी८ म्हणतात. या लेखात ही नवी नावे वापरली आहेत.

या प्रथिनांपैकी बहुतेकांना रेण्वीय सहचर असेही म्हटले जाते. मूळ इंग्रजी शब्द शॅपरोन असा असून पूर्वी युरोपात तरुण मुलीसोबत समारंभाला जाणाऱ्या प्रौढ स्त्रीला तो लावीत. मराठीतील पाठराखीण हा शब्द त्याला जवळचा आहे. पाठराखीण नव्या नवरीबरोबर सासरी जाते, चार दिवस तिला आधार देते आणि परत येते. त्या संसाराचा ती भाग होत नाही. सहचर प्रथिनही नव्या प्रथिनाला आकार घेईपर्यंत साथ देते आणि बाजूला होते; तयार झालेल्या रचनेचा ते घटक नसते.

शोध

इटालियन आनुवंशिकीतज्ज्ञ फेरुचिओ रितोसा हे १९६० च्या सुमारास नेपल्स येथे ड्रॉसोफिला या फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथींचा अभ्यास करीत होते. या ग्रंथींतील गुणसूत्रे इतकी मोठी असतात की त्यांवरील जनुक कार्यरत झाले की त्या जागी आलेली फुगवटी साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसते. एके दिवशी एका सहकाऱ्याने ग्रंथी ठेवलेल्या पेटीचे तापमान वाढविले. त्यानंतर पाहता गुणसूत्रांवर पूर्वी नसलेल्या जागी फुगवट्या आल्याचे रितोसांना आढळले. उष्णतेने ठरावीक जनुके जागी होतात, असा त्याचा अर्थ होता. काही रासायनिक द्रव्यांनीही त्याच फुगवट्या येतात, हेही त्यांनी दाखविले. एका नामांकित नियतकालिकाने या निष्कर्षाला जीवशास्त्रीय महत्त्व नाही असे म्हणून निबंध परत पाठविला. पुढे १९६२ मध्ये तो दुसरीकडे प्रसिद्ध झाला.

ही जनुके कोणती प्रथिने घडवितात, हे १९७४ मध्ये आल्फ्रेड तिसिएर, हर्शेल मिचेल आणि उर्सुला ट्रेसी यांनी दाखविले. रेण्वीय सहचर ही संज्ञा रॉन लास्की यांनी १९७८ मध्ये एका विशिष्ट प्रथिनासाठी वापरली आणि जॉन एलिस यांनी १९८७ मध्ये तिला व्यापक अर्थ दिला. प्रथिनांना पेशीत आकार घेण्यासाठी साहाय्य लागते, हे फ्रान्झ-उलरिख हार्टल आणि आर्थर हॉर्विच यांच्या १९८९ मधील प्रयोगांनी स्पष्ट झाले. या कार्यासाठी दोघांना २०११ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

भारतात या विषयाची परंपरा जुनी आहे. सुभाषचंद्र लाखोटिया आणि मुखर्जी यांनी १९७० मध्ये बेन्झामाइड या द्रव्याने फळमाशीतील ९३डी ही एकच फुगवटी उद्दीपित होते, असे नोंदविले. ही फुगवटी उष्णतेनेही उद्दीपित होते. लाखोटिया यांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठात तिचा दीर्घकाळ अभ्यास केला. या जनुकापासून प्रथिन न बनता केवळ आरएनए बनतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

कार्य

प्रथिन तयार होते तेव्हा ते अमिनो आम्लांची एक लांब साखळी असते. साखळीची विशिष्ट रीतीने घडी पडली तरच प्रथिन आपले काम करू शकते. घडी कशी पडावी याची माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हे क्रिश्चन अन्फिन्सेन यांनी सिद्ध केले व त्यासाठी त्यांना १९७२ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. परंतु परीक्षानळीतील विरळ द्रावण आणि पेशीतील दाटी यांत फरक आहे. साखळीचे काही भाग पाण्यापासून दूर राहू पाहतात. घडी पूर्ण होण्यापूर्वी ते उघडे असतात आणि शेजारच्या साखळ्यांच्या तशाच भागांना चिकटतात. त्यातून निरुपयोगी पुंजके तयार होतात. अंडे उकडल्यावर पांढरा बलक घट्ट होतो, तो प्रथिनांच्या अशाच पुंजक्यांमुळे. आणि अंडे गार केले म्हणून तो पुन्हा पातळ होत नाही. पेशीत ही वेळ येऊ नये, याची काळजी सहचर प्रथिने घेतात.

त्यांची प्रमुख कुळे पुढीलप्रमाणे आहेत.

लघु उष्माघात प्रथिने: मानवात या कुळाची दहा प्रथिने प्रदीर्घ काळ ओळखली जातात. ती ऊर्जा खर्च करीत नाहीत. बिघडू लागलेल्या प्रथिनाला ती धरून ठेवतात आणि पुंजका होऊ देत नाहीत. एचएसपीबी१, एचएसपीबी८ आणि डोळ्याच्या भिंगातील अल्फा-क्रिस्टलिन प्रथिने याच कुळातील आहेत.

एचएसपी७०: उघड्या पडलेल्या साखळीला पकडणे व सोडणे, हे काम ते एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या साहाय्याने वारंवार करते. दरम्यान साखळीला योग्य घडी घेण्याची संधी मिळते.

एचएसपी४०, म्हणजेच डीएनएजे कुळ: कोणत्या प्रथिनाला मदत हवी आहे हे हेरून ती ते एचएसपी७० कडे सोपवितात.

एचएसपी६०: पिंपासारख्या आकाराचे हे संकुल तंतुकणिकांत असते. त्याच्या पोकळीत प्रथिनाला एकांतात घडी घेता येते.

एचएसपी९०: संदेशवहनात भाग घेणाऱ्या अनेक प्रथिनांना ते शेवटचा आकार देते.

जे प्रथिन सावरत नाही, ते पेशीच्या विघटन यंत्रणांकडे पाठविले जाते. प्रोटिअसोम नावाचे संकुल सुट्या प्रथिनांचे तुकडे करते, तर मोठे पुंजके स्वभक्षण या प्रक्रियेत पटलाने वेढून नष्ट केले जातात.

या व्यवस्थेचे नियंत्रण मुख्यतः एचएसएफ१ या प्रथिनाकडे आहे. एरवी ते सहचर प्रथिनांना बांधलेले व निष्क्रिय असते. ताण आला की सहचर प्रथिने बिघडलेल्या प्रथिनांच्या मदतीला जातात, एचएसएफ१ मोकळे होते, तिघातिघांचे संच करून केंद्रकात शिरते आणि उष्माघात प्रथिनांच्या जनुकांना चालना देते. प्रथिने पुरेशी झाली की ती पुन्हा एचएसएफ१ ला बांधून ठेवतात.

चेतापेशींचे वेगळेपण

ही प्रथिने शरीराच्या बहुतेक पेशींत असतात. मग त्यांच्यातील दोषांचा फटका चेतापेशींनाच प्रामुख्याने का बसतो? याचे उत्तर चेतापेशीच्या घडणीत शोधले जाते.

पहिले कारण आयुर्मानाचे. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी सतत बदलल्या जातात. विभाजनामुळे पेशीतील बिघडलेल्या प्रथिनांचा साठाही वाटला जातो. प्रौढ चेतापेशी विभाजित होत नाही. जन्माला आलेली पेशी माणसाबरोबर सत्तर-ऐंशी वर्षे काढते आणि तिच्यातील कचरा तिलाच निस्तरावा लागतो.

दुसरे कारण लांबीचे. पायाच्या स्नायूंना चालविणाऱ्या कारक चेतापेशीची पेशीकाया कमरेच्या भागातील मेरुरज्जूत असते आणि तिचा अक्षतंतू पावलापर्यंत, म्हणजे प्रौढ माणसात सुमारे एक मीटर, पसरलेला असतो. बहुतेक प्रथिने पेशीकायेत तयार होऊन सूक्ष्मनलिकांच्या मार्गाने टोकाला जातात. अक्षतंतूच्या सांगाड्यातील चेतातंतुक या घटकांचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. या वेगाने कमरेपासून पावलापर्यंत पोहोचण्यास हजार दिवस, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे लागतात. एवढ्या प्रवासात प्रथिने शाबूत राहिली पाहिजेत आणि मार्गही खुला राहिला पाहिजे. वाहतुकीत थोडा अडथळा आला तरी सर्वांत दूरच्या टोकाला तो आधी जाणवतो. म्हणूनच या विकारांची सुरुवात पावलांपासून होते आणि हातांची पाळी नंतर येते.

तिसरे कारण प्रतिसादाचे. कारक चेतापेशींत ताणानंतर उष्माघात प्रथिने वाढण्याची प्रक्रिया इतर अनेक पेशींच्या तुलनेने मंद असते, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. वयोमानानुसार हा प्रतिसाद आणखी क्षीण होतो.

जनुकातील दोषामुळे होणारे विकार

शार्को-मारी-टूथ विकार आणि दूरस्थ कारक चेताविकृती

शार्को-मारी-टूथ विकाराचे वर्णन १८८६ मध्ये पॅरिसमधील झाँ-मार्तँ शार्को व प्येर मारी यांनी आणि स्वतंत्रपणे इंग्लंडमधील हॉवर्ड हेन्री टूथ यांनी केले. नावातील टूथ हे आडनाव आहे. दातांशी या विकाराचा संबंध नाही. आनुवंशिक चेताविकृतींत हा विकार सर्वाधिक आढळतो. साधारणपणे अडीच हजारांत एका व्यक्तीला तो असतो, असा अंदाज सांगितला जातो.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात अक्षतंतूवरील मायेलिन आवरण बिघडते, दुसऱ्यात अक्षतंतूच झिजतो. ज्यात केवळ स्नायूंना चालविणाऱ्या चेता झिजतात आणि संवेदना जवळजवळ शाबूत राहते, त्या विकाराला दूरस्थ आनुवंशिक कारक चेताविकृती म्हणतात. उष्माघात प्रथिनांतील दोष प्रामुख्याने अक्षतंतूच्या प्रकाराशी आणि या कारक चेताविकृतीशी निगडित आहेत. एकाच कुटुंबातील एका रुग्णाला संवेदनाही गमवाव्या लागतात आणि दुसऱ्याला नाही, असे घडू शकते. त्यामुळे हे दोन विकार एकाच आजाराच्या छटा मानण्याकडे कल आहे. या दोहोंच्या एकूण रुग्णांत उष्माघात प्रथिनांच्या जनुकांतील दोष असणाऱ्यांचा वाटा लहान आहे. तरीही निरोगी चेतापेशी कशी टिकून राहते, हे या थोड्या कुटुंबांच्या अभ्यासातून बरेच उलगडले.

एचएसपीबी१

एचएसपीबी१ चे जनुक सातव्या गुणसूत्रावर असून प्रथिनात २०५ अमिनो आम्ले असतात. एका मोठ्या रशियन कुटुंबातील शार्को-मारी-टूथ विकाराचा माग काढताना २००४ मध्ये या जनुकातील उत्परिवर्तन सापडले. प्रथिनातील १३५ व्या जागी सेरीनऐवजी फेनिलअलॅनीन आले होते. डीएनएतील एका अक्षराच्या बदलाने एवढा फरक पडतो. या प्रकाराला शार्को-मारी-टूथ २एफ असे नाव आहे. त्यानंतर या जनुकातील अनेक उत्परिवर्तने जगभरातील कुटुंबांत आढळली.

दोष असलेले प्रथिन दुबळे झाल्याने विकार होत असावा, असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. परंतु ज्या उंदरांतून हे जनुक पूर्णपणे काढून टाकले, त्यांच्यात ठळक व्यंग दिसले नाही. याउलट काही उत्परिवर्तित प्रथिने सर्वसाधारण प्रथिनापेक्षा अधिक चिवटपणे इतर प्रथिनांना चिकटून राहतात, असे आढळले. १३५ व्या जागी बदल झालेले प्रथिन सूक्ष्मनलिकांना घट्ट धरून ठेवते आणि वाहतुकीच्या मार्गाचे गुणधर्म बदलते. १८२ व्या जागी प्रोलीनऐवजी ल्यूसीन आल्यास प्रथिनाचे अतिमोठे पुंजके होतात आणि चेतातंतुकांची ने-आण अडते. थोडक्यात, पाठराखीण वेळेवर परत गेली नाही तर तिची सोबत उपकारक न राहता अडचण होते. या प्रथिनांच्या बाबतीत तसेच घडते. म्हणूनच बहुतेक कुटुंबांत जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच सदोष असली तरी विकार होतो.

एचएसपीबी८

हे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील १४१ व्या जागेच्या लायसीनमधील बदल २००४ मध्ये दूरस्थ कारक चेताविकृती असलेल्या कुटुंबांत आढळले. पुढच्याच वर्षी याच जागेचा बदल चीनमधील शार्को-मारी-टूथ विकाराच्या रुग्णांत मिळाला आणि त्या प्रकाराला २एल असे नाव मिळाले.

एचएसपीबी८ हे बीएजी३ या प्रथिनाबरोबर जोडी करून बिघडलेली प्रथिने स्वभक्षणाकडे नेते. उत्परिवर्तनामुळे ही पाठवणी नीट होत नाही. येथेही उंदरांवरील अभ्यास बोलका आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १४१ व्या जागी बदल केलेल्या उंदरांत अक्षतंतूंची झीज व स्नायूंतील बिघाड दिसून आला; ज्यांच्यात हे प्रथिनच नव्हते त्यांच्यात तशी चेताविकृती झाली नाही. बीएजी३ मधील एका उत्परिवर्तनामुळेही लहान वयात स्नायूंचा व चेतांचा गंभीर विकार होतो.

एकच जागा, निरनिराळे अवयव

लघु उष्माघात प्रथिनांच्या मध्यभागी अल्फा-क्रिस्टलिन खंड नावाचा भाग असतो व तो सर्वांत सारखा असतो. त्यातील एक विशिष्ट जागा अत्यंत नाजूक आहे. अल्फा-ए क्रिस्टलिनमध्ये ती ११६ वी, अल्फा-बी क्रिस्टलिनमध्ये १२० वी, एचएसपीबी१ मध्ये १४० वी आणि एचएसपीबी८ मध्ये १४१ वी येते. तेथील बदलाने पहिल्या प्रथिनात जन्मजात मोतीबिंदू, दुसऱ्यात स्नायूविकार व मोतीबिंदू आणि शेवटच्या दोहोंत चेताविकृती होते. भिंगातील तंतू, स्नायू आणि चेता या तिन्हींच्या पेशी सहजासहजी बदलल्या जात नाहीत. त्यामुळे एकाच प्रकारचा दोष, ते प्रथिन जेथे अधिक लागते त्या दीर्घायुषी पेशींत प्रकट होतो.

इतर जनुके

डीएनएजेबी२: एचएसपी४० कुळातील हे प्रथिन चेतापेशींत विपुल असते. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास दूरस्थ कारक चेताविकृती होते. मोरोक्कोतील ज्यू वंशाच्या एका कुटुंबात २०१२ मध्ये हे प्रथम दिसले. येथे प्रथिनाचा अभावच विकारास कारणीभूत होतो.

एचएसपीडी१: एचएसपी६० चे हे जनुक. त्यातील एका बदलाने पायांत ताठरपणा आणणारा आनुवंशिक पक्षाघात होतो. तो २००२ मध्ये एका फ्रेंच कुटुंबात आढळला. दुसऱ्या एका बदलाने बालवयातच मेंदूतील मायेलिनची घडण बिघडते.

एसएसीएस: या जनुकाचे सॅक्सिन हे प्रचंड प्रथिन असून त्यात एचएसपी९० व डीएनएजे यांच्याशी मिळतेजुळते खंड असतात. त्याच्या दोषाने तोल जाणे, ताठरपणा व चेताविकृती एकत्र दिसतात. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या शार्लव्हा व सागने या भागांत हा विकार प्रथम वर्णिला गेला. जनुक २००० मध्ये सापडले.

एसआयएल१: एचएसपी७० कुळातील एका प्रथिनाला एटीपीचे चक्र पुरे करण्यास हे साहाय्य करते. त्याच्या अभावाने मारिनेस्कू-शोग्रेन विकार होतो. त्यात तोल जाणे, बालवयातील मोतीबिंदू व स्नायूंची दुर्बलता ही लक्षणे असतात.

संरक्षकाची भूमिका

हंटिंग्टन विकार, काही आनुवंशिक अनुमस्तिष्कीय विकार आणि केनेडी विकार यांत दोष उष्माघात प्रथिनांत नसतो. संबंधित जनुकात सीएजी ही तीन अक्षरे प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे प्रथिनात ग्लुटामीन या अमिनो आम्लाची लांब मालिका निर्माण होते आणि ते प्रथिन चेतापेशींत साचू लागते. हंटिंग्टन विकारात ही पुनरावृत्ती ४० किंवा अधिक असल्यास पूर्ण आयुष्य लाभलेल्या व्यक्तीला विकार जवळजवळ निश्चित होतो.

अशा पुंजक्यांजवळ सहचर प्रथिने गोळा झालेली दिसतात. ती केवळ साक्षीदार आहेत की रक्षक, याचे उत्तर १९९९ मध्ये नॅन्सी बोनिनी यांच्या गटाने दिले. ग्लुटामीनची लांब मालिका असलेल्या प्रथिनामुळे ज्या फळमाश्यांचे डोळे झिजत होते, त्यांच्यात मानवी एचएसपी७० अधिक प्रमाणात निर्माण केल्यावर झीज बरीच थांबली. बनारस हिंदू विद्यापीठातील मौशमी मलिक व लाखोटिया यांनी २००९ मध्ये वर उल्लेखिलेल्या ९३डी जनुकाचा आरएनए कमी केल्यास माश्यांतील अशीच झीज मंदावते, असे दाखविले.

लक्षणे व निदान

उष्माघात प्रथिनांतील दोषामुळे होणाऱ्या चेताविकृती बहुधा किशोरवय ते मध्यमवय या काळात सुरू होतात आणि हळूहळू वाढतात. पाऊल उचलताना पुढचा भाग लटकतो, त्यामुळे व्यक्ती गुडघा उंच उचलून चालते. वारंवार ठेच लागते, घोटा मुरगळतो, पायातून चप्पल निसटते. पोटऱ्या बारीक होतात, तळपायाची कमान उंच होते व बोटे वाकतात. पुढे हातांची पकड सैल होऊन बटण लावणे, किल्ली फिरविणे, लिहिणे अशी कामे अवघड होतात. बुद्धी व आयुर्मान यांवर सहसा परिणाम होत नाही.

निदानाची सुरुवात कुटुंबाचा इतिहास आणि चेतावहन चाचणी यांनी होते. हाताच्या चेतेतील संदेशाचा वेग सेकंदाला ३८ मीटरपेक्षा कमी असेल तर मायेलिनचा प्रकार संभवतो. वेग जवळपास नेहमीचा पण संदेशाची तीव्रता कमी असेल तर अक्षतंतूचा. नेमका दोष जनुकीय चाचणीने कळतो. पाऊल लटकणे हे लक्षण इतर कारणांनीही दिसते. कुष्ठरोग, मधुमेह आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांवर उपचार उपलब्ध असल्याने ती कारणे आधी पडताळली जातात. उलट, आनुवंशिक विकाराला बालपणीचा पोलिओ समजले गेल्यास पुढच्या पिढीला योग्य माहिती मिळत नाही.

आनुवंशिकता व समुपदेशन

एचएसपीबी१ आणि एचएसपीबी८ यांचे दोष बहुधा प्रभावी रीतीने संक्रमित होतात. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला, मग मुलगा असो वा मुलगी, दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. पहिले अपत्य बाधित असले म्हणून दुसरे सुटते, असे नाही. प्रत्येक वेळी शक्यता तेवढीच राहते. दोष आईकडून येऊ शकतो, तसाच वडिलांकडून. काही वेळा तो दोघांतही नसतो आणि अपत्यात नव्याने उद्भवतो. म्हणून एका पालकाला दोष देण्यास शास्त्रीय आधार नाही.

डीएनएजेबी२, एसएसीएस व एसआयएल१ यांचे विकार अप्रभावी आहेत. आईवडील दोघेही निरोगी वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. नात्यातील विवाहांत दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाहाची प्रथा आहे. अशा कुटुंबात विकार आढळल्यास आनुवंशिक समुपदेशन विशेष उपयुक्त ठरते. भारतात १९९४ च्या कायद्यानुसार गर्भलिंगनिदानास बंदी आहे. मात्र आनुवंशिक विकारांची गर्भावस्थेतील तपासणी नोंदणीकृत केंद्रांत ठरावीक अटींवर करता येते.

उपचार व संशोधन

या चेताविकृतींचे मूळ कारण दूर करणारे सिद्ध औषध अद्याप नाही. घोट्याला आधार देणाऱ्या पट्ट्या, योग्य पादत्राणे, व्यायाम, भौतिकोपचार आणि गरजेनुसार पावलाची शस्त्रक्रिया यांनी चालणे सुकर होते. संवेदना कमी झालेल्या पावलांची रोज पाहणी करणे महत्त्वाचे असते, कारण न जाणवलेल्या जखमेतून व्रण होऊ शकतो. कर्करोगावरील व्हिन्क्रिस्टीन हे औषध शार्को-मारी-टूथ विकारात चेतांना गंभीर इजा करू शकते. त्यामुळे विकाराची माहिती प्रत्येक डॉक्टरला देणे आवश्यक ठरते.

संशोधनाच्या दोन दिशा आहेत. पहिली, वाहतुकीचा मार्ग दुरुस्त करण्याची. बेल्जियममधील संशोधकांनी २०११ मध्ये एचएसपीबी१ मधील दोष असलेल्या उंदरांना एचडीएसी६ या विकराला रोखणारी द्रव्ये दिली; त्यांच्या अक्षतंतूंतील वाहतूक सुधारली आणि लक्षणे कमी झाली. दुसरी दिशा पेशीची स्वतःची सहचर व्यवस्था बळकट करण्याची. एचएसएफ१ चे कार्य वाढविणारे म्हणून अभ्यासले गेलेले अरिमोक्लोमॉल हे औषध कारक चेतापेशींच्या एएलएस या विकाराच्या मोठ्या चाचणीत २०२१ मध्ये अपयशी ठरले. मात्र नीमान-पिक सी या दुर्मीळ आनुवंशिक विकारासाठी, मिग्लुस्टॅट या औषधाबरोबर वापरण्यास, त्याला अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

उत्परिवर्तित सहचर प्रथिन स्वतःच अपायकारक असेल, तर त्याचेच प्रमाण वाढविणे हिताचे नाही. त्यामुळे एका विकारात उपयोगी पडणारा उपाय दुसऱ्यात गैरलागू ठरू शकतो. नेमक्या जनुकीय निदानाचे महत्त्व येथे दिसते.

गैरसमज

नावात उष्मा हा शब्द असला तरी हे विकार उन्हात काम केल्याने, तापाने किंवा उष्ण पदार्थ खाल्ल्याने होत नाहीत. तसेच शरीराला उष्णता दिल्याने उष्माघात प्रथिने वाढून विकार बरा होईल, ही समजूतही निराधार आहे. उलट, पायांच्या संवेदना मंदावलेल्या असताना गरम पाण्याची पिशवी, तापलेली वीट किंवा कढत पाणी यांचा शेक घेतल्यास चटका जाणवत नाही आणि खोल भाजण्याचा धोका असतो.

हे सुद्धा पहा

प्रथिन
उत्परिवर्तन
चेतापेशी
शार्को-मारी-टूथ विकार
हंटिंग्टन विकार